अँटिव्हायरस कोणता, याआधी अधिकार कोणाकडे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात विंडोज १० असलेला एक जुना संगणक आहे आणि तो निवृत्त वडील व महाविद्यालयात शिकणारा मुलगा असे दोघेही वापरतात, तीन अँड्रॉइड फोन आहेत आणि त्यांपैकी दोहोंवर बँकेचे व्यवहार चालतात, अलीकडे एका नातेवाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एक फाइल उघडली आणि त्यानंतर त्यांच्या खात्यातून पैसे गेले, तेव्हा कोणता अँटिव्हायरस विकत घ्यावा आणि तो घेतल्यावर निर्धास्त राहता येईल का?

अँटिव्हायरसविषयीचे उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी देतो. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस मुळातच असतो आणि तो चालू व अद्ययावत असेल तर घरगुती वापरासाठी पुरेसा आहे. तरीही वेगळे उत्पादन घ्यायचे असल्यास नामांकित कंपनीचे एकच घ्यावे. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवले तर ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो. फोनवर गुगलचे प्ले प्रोटेक्ट (अ‍ॅप्स तपासणारी सोय) चालू असल्याची खात्री करावी. त्याखेरीज फोनसाठी अँटिव्हायरस विकत घेण्याची गरज मला दिसत नाही, आणि 'क्लीनर', 'बूस्टर' अशा नावांची जी अ‍ॅप्स जाहिरातींतून फोनवर येऊन बसतात, ती तर काढूनच टाकावीत.

निर्धास्त मात्र राहता येणार नाही. संगणक आणि फोन दुरुस्त करण्याच्या व सुरक्षित करून देण्याच्या कामात गेली अनेक वर्षे मी जे पाहत आलो आहे, त्यावरून सांगतो, की घरगुती उपकरणांच्या बाबतीत हल्लेखोराला आता कुलूप तोडण्याची गरज क्वचितच पडते. उपकरणाच्या मालकाने न कळत एखाद्या प्रोग्रामला अधिकार दिलेले असतात आणि त्या अधिकारांच्या बळावर पुढचे सगळे घडते. अँटिव्हायरस ओळखीच्या वाईट प्रोग्रामला अडवतो. मालकाने स्वतःच्या हाताने 'अनुमती द्या' असे दाबले, की त्याचे काम फार अवघड होते. म्हणून कोणते उत्पादन घ्यावे यापेक्षा आपल्या फोनवर आणि संगणकावर कोणाला कोणता अधिकार दिलेला आहे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि पुढचे सगळे उत्तर त्याच अंगाने लिहीत आहे.

आपल्या नातेवाइकांच्या बाबतीत काय घडले असावे, ते आधी पाहू, कारण महाराष्ट्रात आणि देशभर सध्या हा प्रकार फार त्रास देत आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलन', 'लग्नपत्रिका', 'पीएम किसान', 'बँकेचे रिवॉर्ड पॉइंट' अशा नावाची एक फाइल येते. बहुधा ती ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून किंवा सोसायटीच्या, गावाच्या, नातेवाइकांच्या गटात येते, कारण त्या माणसाचा फोन किंवा व्हॉट्सअ‍ॅप खाते आधीच हल्लेखोरांच्या ताब्यात गेलेले असते. फाइलच्या नावाच्या शेवटी 'डॉट एपीके' असते. पत्रिका चित्र किंवा पीडीएफ म्हणून येते आणि चलन परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. एपीके हा मात्र अँड्रॉइडवर नवे अ‍ॅप बसवण्याच्या फाइलचा प्रकार आहे. कोणतीही बँक, कोणतेही सरकारी खाते आणि कोणतेही लग्नघर व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅप पाठवत नाही.

फाइल नुसती आल्याने काही होत नाही. तिच्यावर बोट ठेवल्यावर फोन विचारतो, की व्हॉट्सअ‍ॅपला अज्ञात अ‍ॅप्स बसवण्याची परवानगी द्यायची का. पहिला अधिकार येथे जातो. बसलेले अ‍ॅप मग 'अपडेट आवश्यक आहे' असे दाखवून आपल्या पोटातले दुसरे अ‍ॅप बसवते. ते एसएमएस वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागते. हा दुसरा अधिकार. काही प्रकारांत 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' नावाची सोय चालू करण्यास सांगितले जाते. ही सोय मुळात दृष्टिहीन आणि दिव्यांग वापरकर्त्यांसाठी आहे, त्यामुळे ज्या अ‍ॅपला ती मिळते त्याला पडद्यावरचे सारे वाचता येते आणि मालकाच्या वतीने बटणेही दाबता येतात. त्यानंतर हुबेहूब बँकेसारखा दिसणारा एक अर्ज येतो आणि त्यात डेबिट कार्डाचा क्रमांक, मुदत, जन्मतारीख विचारली जाते. यूपीआयचा पिन नव्याने ठरवण्यासाठी कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदत आणि ओटीपी हे मुख्यतः लागते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे हा अर्ज कशासाठी असतो ते कळते. ओटीपी फोनवर येतो, अ‍ॅप तो वाचून परस्पर हल्लेखोराकडे धाडते, आणि मालकाला संदेश आल्याचे कळण्याआधीच पैसे गेलेले असतात. 'मी तर कोणालाच ओटीपी सांगितला नाही' असे फसवले गेलेले लोक कळवळून सांगतात, आणि ते खरेच बोलत असतात. घरच्यांनी त्यांना दोष देऊ नये. दोषाच्या भीतीने माणसे गप्प बसतात आणि मोलाचे तास वाया जातात.

यावर सर्वांत परिणामकारक उपाय करायला फोनमागे दहा मिनिटेही लागत नाहीत. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या विभागात 'विशेष अ‍ॅक्सेस' किंवा तशा अर्थाचा पर्याय असतो (कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात), त्यात 'अज्ञात अ‍ॅप्स इन्स्टॉल करणे' ही यादी उघडावी आणि व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, टेलिग्राम, फाइल मॅनेजर, ब्लूटूथ या प्रत्येकासमोर परवानगी बंद असल्याचे पाहावे. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगवेगळी दिली जाते, म्हणून यादीतील एकही नाव न तपासता सोडू नये. त्यानंतर सेटिंग्जमध्येच अ‍ॅक्सेसिबिलिटी, सूचना वाचण्याचा अधिकार, इतर अ‍ॅप्सच्या वर दिसण्याचा अधिकार आणि 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' (फोनवर प्रशासकासारखा ताबा देणारा अधिकार) या चार याद्या पाहाव्यात. सामान्य घरात या याद्यांमध्ये फारच थोडी नावे असायला हवीत. ज्याचे कारण सांगता येत नाही, असे प्रत्येक नाव बंद करावे; चुकून गरजेचे अ‍ॅप बंद झाले तर ते स्वतःच पुन्हा परवानगी मागेल. शेवटी परवानग्यांच्या विभागात जाऊन एसएमएस कोण वाचू शकते ते पाहावे. कर्ज देणारी, खेळांची आणि विजेरीची अ‍ॅप्स तेथे आढळली, तर ती तत्काळ हटवावीत.

परवानगी देण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो वडीलधाऱ्यांच्या बाबतीत वारंवार दिसतो. गॅसचे बिल, कुरिअर किंवा बँकेचे कार्ड यांविषयी अडचण आली, की लोक गुगलवर ग्राहक सेवा क्रमांक शोधतात आणि शोधात वर आलेल्या बनावट क्रमांकावर फोन करतात. पलीकडचा माणूस अदबीने बोलतो आणि मदतीसाठी एनीडेस्क किंवा क्विकसपोर्ट यांसारखे अ‍ॅप घेण्यास सांगतो. ही अ‍ॅप्स स्वतः वाईट नाहीत, दुरून दुरुस्ती करण्यासाठी माझ्यासारखे लोक ती रोज वापरतात. पण त्यांतील नऊ किंवा दहा अंकी क्रमांक परक्याला सांगितला आणि समोर आलेली परवानगी दिली, म्हणजे आपला पडदा त्याच्या हाती सोपवला. रिझर्व्ह बँकेने याच पद्धतीविषयी फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. घरात एक नियम करावा: ग्राहक सेवेचा क्रमांक कार्डाच्या मागे, पासबुकावर, बिलावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये पाहायचा, शोधयंत्रात कधीही नाही.

झेरॉक्सच्या दुकानांचा आणि सेवा केंद्रांचा उल्लेख आपण केलेला नाही, पण आपल्याकडे तो टाळून चालत नाही. दाखले, प्रवेशअर्ज, तिकिटे यांच्या छपाईसाठी आपण पेन ड्राइव्ह घेऊन जातो आणि परत आल्यावर त्यातील सर्व फोल्डर 'शॉर्टकट' झालेले दिसतात. अशा वेळी त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये, कारण त्या क्लिकनेच किडा, म्हणजे आपसूक पसरणारा विषाणू, आपल्या संगणकावर उतरतो. मूळ फाइल्स बहुधा नष्ट झालेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. ड्राइव्ह आधी डिफेंडरने तपासावा आणि मग जाणत्या माणसाकडून फाइल्सचा लपवलेला गुणधर्म काढून घ्यावा. 'फॉरमॅट करावा लागेल' असे कोणी लगेच म्हटले, तर थांबावे. त्याच दुकानांत छपाईसाठी व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून ते तसेच चालू सोडून येणारे लोक मी फार पाहिले आहेत. व्हॉट्सअ‍ॅपमधील 'लिंक केलेली डिव्हाइस' ही यादी आजच उघडून पाहा, आणि अनोळखी नोंद दिसली तर तिला बाहेर काढा. त्याच बैठकीत टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिनही लावून घ्या; तो असला, की एसएमएसने आलेला कोड हाती लागूनही कोणाला आपले खाते दुसऱ्या फोनवर सहज उघडता येत नाही. आधार कार्डाची प्रत द्यायची असेल आणि पूर्ण क्रमांक मागितलेला नसेल, तर शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावरून घेता येते, ती द्यावी.

आता संगणकाकडे वळू. महाविद्यालयीन मुलगा संगणक वापरतो असे आपण लिहिले आहे, म्हणून त्याच्याशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलावी, ती म्हणजे 'क्रॅक'. फोटोशॉप, खेळ, मराठी टंक, ऑफिस यांच्या फुकट प्रती आणि विंडोज सक्रिय करून देणारे प्रोग्राम हा घरगुती संगणकावर विषाणू येण्याचा एक मोठा मार्ग आहे. या प्रोग्रामांच्या सूचनांमध्येच 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असे लिहिलेले असते, आणि मुले ते निमूटपणे करतात. घरातील छायाचित्रे आणि कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या 'स्टॉप' नावाच्या रॅन्समवेअर कुळाचा प्रसार मुख्यतः अशा क्रॅकमधूनच झाला. त्याच्या जुन्या प्रकारांतून काही वेळा फाइल्स परत मिळतात, नव्या प्रकारांतून बहुतेक वेळा मिळत नाहीत. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर कुलूपबंद फाइल्स उलगडणारी मोफत साधने मिळतात. खंडणी देण्याचा विचार करण्याआधी तेथे शोध घ्यावा. ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस, फोटोशॉपऐवजी जिंप आणि युनिकोड टंक कायदेशीररीत्या मोफत उपलब्ध असताना ही जोखीम कोणत्याही विद्यार्थ्याने पत्करू नये, असे माझे ठाम मत आहे.

क्रॅकमधून येणारा दुसरा प्रकार अधिक गुपचूप काम करतो. त्याला या क्षेत्रात इन्फोस्टीलर म्हणतात. तो संगणक बिघडवत नाही, पडद्यावर काही दाखवत नाही; काही क्षणांत ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि 'कुकी' उचलून बाहेर पाठवतो आणि अनेकदा स्वतःला पुसूनही टाकतो. कुकी म्हणजे आपण एकदा लॉगिन केले आहे याची संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण. ती दुसऱ्याच्या हाती लागली, की त्याला पासवर्ड लागत नाही आणि पुष्कळदा ओटीपीही लागत नाही. म्हणून 'टू-स्टेप लावलेले असूनही माझे इन्स्टाग्राम कसे गेले' या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा घरातल्या संगणकावर सापडते. असा संशय आल्यास त्याच संगणकावर बसून पासवर्ड बदलू नयेत. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदलावेत, 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय आवर्जून दाबावा आणि मगच संगणक पुसून विंडोज नव्याने बसवावे.

अलीकडे, साधारण २०२४ पासून, हाच पासवर्डचोर बसवण्याची एक नवी युक्ती फैलावली आहे. एखाद्या संकेतस्थळावर 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा' अशी खिडकी येते आणि विंडोज व आर ही बटणे एकत्र दाबा, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर, असे सांगते. पहिल्या जोडीने आज्ञा देण्याची चौकट उघडते, दुसरीने संकेतस्थळाने आधीच गुपचूप नकललेली आज्ञा तेथे चिकटते आणि एंटरने ती चालू होते. यात कोणतीही फाइल उतरवलेली दिसत नाही आणि सगळे मालकाच्या बोटांनीच घडते, त्यामुळे ते अडवणे अँटिव्हायरसलाही जड जाते. कोणतीही खरी पडताळणी अशी बटणे दाबायला सांगत नाही, एवढे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

संगणकावरील अधिकारांची रचनाही बदलावी. बहुतेक घरांत एकच खाते असते आणि त्याला प्रशासकाचे सर्व अधिकार असतात. प्रशासकाचे खाते वेगळे करून त्याचा पासवर्ड आपल्याकडे ठेवावा आणि वडील व मुलगा यांना रोजच्या कामासाठी दोन स्वतंत्र साधी खाती द्यावीत. याने काय साधते आणि काय साधत नाही, हेही नीट सांगायला हवे: खोलवर बसणारे प्रोग्राम आणि विंडोजमध्ये फेरफार करणारे विषाणू अडतात, आणि एकाच्या चुकीचा फटका दुसऱ्याच्या फाइल्सना सहसा बसत नाही, परंतु वर सांगितलेला पासवर्डचोर साध्या खात्यातही काम करू शकतो, कारण त्याला त्या वापरकर्त्याच्या वस्तूच हव्या असतात. विंडोज सिक्युरिटीमध्ये रॅन्समवेअरपासून संरक्षणाचा जो भाग आहे, त्यात 'नियंत्रित फोल्डर प्रवेश' ही सोय मुळात बंद असते, ती चालू करावी. फाइलचे पूर्ण नाव दिसण्याची सोयही चालू करावी, म्हणजे 'बिल डॉट पीडीएफ' या नावामागे दडलेले 'डॉट ईएक्सई' (प्रोग्रामच्या फाइलची खूण) नजरेतून सुटत नाही.

अधिकार न मागता, कुलूप फोडून शिरणारे हल्ले संपले आहेत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या किड्याला कोणाच्याही क्लिकची गरज नव्हती. जाळ्यातला एक संगणक सापडला, की तो आपसूक दुसऱ्यात जात असे. ज्या उणिवेतून तो शिरला, तिच्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिलेला होता. म्हणजे जवळजवळ दोन महिने उपाय उपलब्ध होता आणि ज्यांनी तो बसवला नाही त्यांनाच मुख्यतः फटका बसला. त्यानंतर जून महिन्यात आलेल्या नॉटपेट्या या किड्याने तीच उणीव वापरली आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. युक्रेनमधून निघालेली आगळीक उरणच्या धक्क्यावर येऊन थडकते, इतकी ही यंत्रणा आता जोडलेली आहे. अपडेटला 'नंतर' म्हणण्याची सवय त्यामुळेच सोडायला हवी.

आणि येथे आपल्या संगणकाचा प्रश्न गंभीर होतो, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची एक योजना ठेवली. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर तिच्या नोंदणीचा पर्याय दिसतो. ती मुदत ही सोय आहे, तोडगा नव्हे. संगणकात टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर असेल तर विंडोज ११ घ्यावे. नसेल तर वडिलांच्या वापरासाठी, म्हणजे ईमेल, वर्तमानपत्रे, यूट्यूब आणि मराठी लेखन यांसाठी, विंडोजऐवजी बसवता येणारी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली उत्तम पर्याय आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक तेथे सहज चालतो आणि विंडोजसाठी लिहिलेले विषाणू तेथे सहसा चालत नाहीत. हे करताना सवय बदलण्याचा थोडा त्रास होतो, पण तो आठवडाभराचा असतो. फोनच्या बाबतीतही सेटिंग्जमध्ये 'सुरक्षा पॅच' अशी तारीख दिसते. ती वर्ष-दीड वर्ष जुनी असेल आणि कंपनी नवी देत नसेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नयेत. तो फोन गाणी ऐकण्यासाठी ठेवावा आणि व्यवहारांसाठी अपडेट मिळणारा, साधा का असेना, दुसरा फोन घ्यावा.

पासवर्डविषयी इतके लिहिले गेले आहे, की मी एकाच मुद्द्यावर भर देतो. आपल्या सर्व खात्यांत ईमेलचे खाते सर्वांत मौल्यवान आहे, बँकेपेक्षाही, कारण इतर बहुतेक ठिकाणचा 'पासवर्ड विसरलो' हा रस्ता तेथूनच जातो. त्या खात्याचा पासवर्ड लांब आणि इतर कोठेही न वापरलेला असावा. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत ओळीने लिहिले तरी चांगला पासवर्ड होतो आणि लक्षात राहतो. त्यावर ऑथेंटिकेटर अ‍ॅप (दर थोड्या वेळाने बदलणारा कोड देणारे अ‍ॅप) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या कुलपाने लॉगिन करण्याची सोय) लावावी, गुगल देते ते राखीव कोड कागदावर उतरवून कपाटात ठेवावेत, आणि खात्याच्या सेटिंग्जमध्ये अनोळखी पत्त्यावर पत्रे पुढे पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवलेला नाही ना, ते पाहावे. हल्लेखोर असा नियम लावून ठेवतात आणि पासवर्ड बदलल्यावरही तो तसाच राहतो. इतर खात्यांसाठी बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी यांसारखा पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सर्व पासवर्ड कुलपात जपणारा प्रोग्राम, वापरावा. वडिलांना तो अवघड वाटत असेल, तर घरात ठेवलेली वही चालेल. परदेशातला चोर ती वाचू शकत नाही, आणि सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

छायाचित्रे आणि कागदपत्रे यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक क्लाउडवर असावी. डिस्क प्रत काढण्यापुरती जोडावी आणि लगेच काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअर संगणकाबरोबरच कुलूपबंद करतो. वायफाय राउटर बसवून देणारा केबलवाला बहुधा मूळचाच पासवर्ड ठेवून जातो. राउटरचा आणि असल्यास सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचा प्रशासकीय पासवर्ड बदलून घ्यावा. २०१६ मधील मिराई या किड्याने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून.

काही भीती मात्र अवाजवी आहेत आणि त्यांत शक्ती घालवू नये. स्थानकावर फोन चार्ज केला म्हणजे माहिती चोरीला जाते, असे संदेश फिरत असतात; फोन कुलूपबंद असेल आणि पडद्यावर आलेल्या 'माहिती हस्तांतरणाला' आपण अनुमती दिली नाही, तर ही शक्यता फार थोडी आहे. सार्वजनिक वायफायचेही तसेच: बँकेच्या अ‍ॅपमधील संवाद सांकेतिक रूपात जातो. उलट ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर लोक नको इतका विश्वास टाकतात. ते चिन्ह संवाद सांकेतिक आहे एवढेच सांगते, पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असे सांगत नाही. बनावट संकेतस्थळांवरही ते असते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार भारतीय बँकांनी आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या राखीव पत्त्यावर नेली आहेत, तेव्हा पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय अधिक उपयोगी आहे.

इतके करूनही अपघात होऊ शकतो हे धरून पैशांची मांडणी करावी. निवृत्तीची रक्कम आणि मुदतठेवी ज्या खात्यात आहेत, ते खाते यूपीआयला जोडू नये आणि त्याचे डेबिट कार्ड ऑनलाइन व्यवहारांसाठी बंद ठेवावे. रोजच्या खर्चासाठी दुसरे खाते ठेवून त्यात महिन्यापुरती रक्कम वळवावी. बँकेच्या अ‍ॅपमध्ये दैनंदिन मर्यादा कमी करता येते. माझ्या मते आपल्या घरासाठी हा उपाय कोणत्याही अँटिव्हायरसहून अधिक मोलाचा आहे, कारण इतर सर्व कड्या तुटल्या तरी नुकसान तेवढ्यावर थांबते.

आणि घडलेच, तर क्रम महत्त्वाचा आहे. संशयास्पद एपीके बसली असे लक्षात येताच तो फोन विमान मोडमध्ये टाकावा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय थांबवायला सांगावे, आणि लगेच १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार द्यावी. ही तक्रार पुढच्या बँकांपर्यंत पोहोचते आणि रक्कम अजून एखाद्या खात्यात असेल तर तेथे गोठवता येते, म्हणून येथे मिनिटांना महत्त्व आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवून पोचक्रमांक जपून ठेवावा. सिमकार्ड काढून स्वच्छ फोनमध्ये घालावे, म्हणजे पुढचे ओटीपी चोराच्या अ‍ॅपला मिळणार नाहीत, आणि ##००२# हा क्रमांक फिरवून सर्व प्रकारचे कॉल फॉरवर्डिंग (आपले कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवणे) रद्द करावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचे तत्त्व असे आहे, की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहारात, बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही. आणि ग्राहकाची हयगय झाली असली, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. त्यामुळे तोंडी सांगण्यावर न थांबता तारीख आणि वेळ दिसेल असे लेखी कळवावे.

फोन पुसण्याची घाई मात्र करू नये. आधी तो संदेश, पाठवणाऱ्याचा क्रमांक, फाइलचे नाव, बसलेल्या अ‍ॅपचे नाव आणि व्यवहारांचे क्रमांक यांची छायाचित्रे दुसऱ्या फोनने काढून घ्यावीत, कारण पोलिसांना त्यांचीच गरज लागते. या प्रकारची अ‍ॅप्स आपले चिन्ह लपवतात, त्यामुळे ती मुख्य पडद्यावर न शोधता सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या पूर्ण यादीत शोधावीत. काढताना बटण फिके दिसले, तर फोन सेफ मोडमध्ये (बाहेरून बसवलेली अ‍ॅप्स बंद ठेवून) सुरू करून आधी 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'चा अधिकार काढून घ्यावा. पुरावा घेऊन झाल्यावर फोन पूर्ण पुसणे हाच खात्रीचा मार्ग आहे. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप परत घेताना ज्या संवादात ती फाइल आली होती तेथे जाऊन ती हटवावी, कारण बॅकअपबरोबर ती संवादात पुन्हा दिसू शकते. आणि आपल्या क्रमांकावरून ती इतर कोणाला गेली असल्यास त्या प्रत्येकाला फोन करून, संदेशावर न विसंबता, उघडू नका म्हणून सांगावे.